एकवीस फुटांचं अंगण : बंदूक-सुरक्षेच्या एका दिवसाच्या वर्गाबद्दल

आमच्या घरात 22 वर्षं बारा बोरची दुनळी होती आणि त्या 22 वर्षांत ती उघडते कशी, हे मला कोणी दाखवलं नाही. आतल्या खोलीत खुंटीला खाकी खोळीत टांगलेली असायची. दसऱ्याला हे तिला पाटावर ठेवायचे, मी हळदकुंकू लावायची, आपट्याचं पान आणि झेंडूचं फूल वाहायची, की परत खोळीत. तिच्याखालून झाडताना मी मान जरा बाजूला करायची. एवढाच माझा आणि तिचा संबंध.

2022 च्या पावसाळ्यात हे गेले. परवाना त्यांच्या नावानं, त्यामुळे ती घरात ठेवता येत नव्हती. दिरांनी बंदूक आणि उरलेली काडतुसं ठाण्यात जमा केली आणि पावती माझ्या हातात दिली. ती पावती सातबाऱ्याच्या पिशवीत पडून राहिली.

घर आमचं गावाच्या टोकाला, वावराला लागून. तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ. नोव्हेंबरपासून कापूस घरात येतो आणि भाव पाहून विकेपर्यंत पुढची खोली छताला टेकेस्तोवर भरलेली असते. राहणारी माणसं तीन, तिन्ही बायाच: सासूबाई, मी आणि बारावीतली मुलगी. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, गोठ्यापलीकडच्या खोलीत असतो. विहिरीवरची केबल दोनदा कापून नेली. दुसऱ्यांदा नेली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पोराची बंदूक घरात आण वं माय." मग वारस म्हणून परवाना माझ्या नावानं व्हावा असा अर्ज केला. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे त्यासोबत शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्या कागदासाठी मी नागपूरजवळच्या नेमबाजीच्या एका खासगी रेंजवर एक दिवस बसले. तिथं काय शिकवतात, काय राहून जातं आणि पैसे वसूल होतात का, ते सगळं लिहिते. आमच्याकडच्या एखाद्या बाईनं हे आधी लिहिलेलं मला कुठं सापडलं नाही.

पहाटेच्या एसटीनं वर्धा, तिथून नागपूरची गाडी. बायांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास स्वस्तात झाला. फी 4,000 रुपये, त्यात दहा काडतुसं, जेवण आणि प्रमाणपत्र. शिकणारे आम्ही बारा जण होतो. दोन सराफ, एक पेट्रोलपंपवाले, बँकेच्या गाडीवरचे चार रखवालदार, चंद्रपूरकडचे दोघं कास्तकार, एक ठेकेदार, त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा, आणि मी. बाई मी एकटीच. शिकवणारे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, भंडाऱ्याकडचे, प्रत्येक वाक्यामागे "जी" लावणारे. मला "ताई" म्हणत.

सुभेदारांनी पहिला तास बंदूक बाहेर काढलीच नाही. "पारावर बंदुकीबद्दल जे जे ऐकलं ते सांगा," म्हणाले. सांगायला कोणाला वेळ लागला नाही. बंदूक नुसती दाखवली की चोर पळते. छर्ऱ्याच्या बंदुकीला नेम धरा लागत नाही, तोंड तिकडं केलं की काम झालं. आधी एक बार हवेत काढायचा. रात्री अंगणात कोणी शिरला तर उडवला तरी गुन्हा नाही. आणि ठेकेदारानं अगदी सहज सांगितलं, "बाहेर पडला तर आत ओढून घ्यायचा, साहेब." हे सगळं मी आमच्या घरातही ऐकलेलं होतं. काही ह्यांच्याच तोंडून. सुभेदारांनी फळ्यावर सगळं लिहून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत एकेक ओळ पुसत गेले.

पहिली ओळ मैदानात पुसली. मोकळ्या, न भरलेल्या बंदुकीची पेटी एका टेबलावर ठेवली, कुलूप लावून. किल्ली पेट्रोलपंपवाल्यांच्या खिशात. काडतुसांऐवजी लाकडाच्या दोन ठोकळ्या वेगळ्या डब्यात. टेबलापासून एकवीस फूट मोजले आणि तिथं ठेकेदाराच्या मुलाला उभं केलं, हातात काठी. "मी शिटी वाजवली की तू पळत ये, साहेबांच्या खांद्याला काठी लाव. साहेब, तुम्ही बंदूक भरून वर उचला." शिटी वाजली. मुलगा पोचला तेव्हा किल्ली अजून खिशातून निघायची होती.

दुसऱ्यांदा कुलूप काढून ठेवलं. तेव्हाही मुलगाच आधी. तिसऱ्यांदा बंदूक हातात, भरलेली समजून, फक्त तोंड खाली. तेवढ्यात कुठं बरोबरी झाली.

मग त्यांनी सांगितलं की हे एकवीस फूट आले कुठून. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकानं 1983 मध्ये यावर एक लेख लिहिला होता. चाकू घेतलेला धडधाकट माणूस एकवीस फूट साधारण दीड सेकंदात कापतो, आणि कमरेचं पिस्तूल काढून नेम धरायलाही तेवढाच वेळ जातो, असं त्यानं मोजून दाखवलं. तिकडं लोकांनी त्याचा नियमच करून टाकला, की एकवीस फुटांच्या आत कोणी आला की गोळी घालायची मुभा. सुभेदार म्हणाले, "असा नियम नाही जी. त्यानं वेळ मोजला, परवानगी नाही देल्ली. तो सांगत होता का तुमच्याजवळ वेळ किती कमी राहते."

घरी आल्यावर मी आमचं अंगण पट्टीनं मोजलं. फाटकापासून ओसरीच्या पहिल्या पायरीपर्यंत 31 फूट. मग मुलीला हातात मोबाइल देऊन वेळ मोजायला बसवलं. बंदुकीऐवजी कपाटात काठी ठेवली, काडतुसांऐवजी वरच्या फळीवर डब्यात टॉर्चचे दोन सेल. मी अंथरुणावरून उठून दिव्यात काठी आणि सेल हातात घेतले: 38 सेकंद. दिवा न लावता: एक मिनिट 20 सेकंद, त्यात एक सेल हातातून पडून पलंगाखाली गेला. आमच्याकडं वीज रात्रीची किती असते ते तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. हा हिशेब पाहून सासूबाई पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत.

नेमाची ओळ दुपारच्या आधी पुसली. पाच मीटरवर कागद लावला आणि बारा बोरचा एक बार काढला. मला वाटत होतं, आख्खा कागद चाळणी होईल. भोक पडलं माझ्या तळहाताएवढं, एकच. आमच्या घरातली सगळ्यात लांब खोली पाच मीटरच असेल. म्हणजे घरात बारा बोर चालवायची तर नेम तितकाच धरावा लागतो. मग वीस मीटरवर कागद. तिथं छर्रे सुपाएवढे पसरले आणि काही कागदाच्या बाहेर निघून गेले, मागच्या मातीच्या बांधात. सुभेदारांनी बोटानं मातीतली भोकं दाखवली. "हे जे कागदाले नाही लागले, ते कोणाचे? तुमचेच ना जी?" साधारण अंदाज असा सांगितला की दर यार्डाला एक इंचभर पसर धरायचा, नळी आणि काडतुसाप्रमाणे कमीजास्त. जवळ पसरत नाही आणि लांब आवरत नाही. आमच्या गोठ्याचं दार टिनाचं, सालदाराच्या खोलीची एक भिंत कुडाची. बंदूक भिंतीसमोर थांबत नाही, हे त्या बांधाकडं पाहताना मला नीट कळलं.

चंद्रपूरकडच्या एकांनी विचारलं, गोळी लागली की माणूस मागं उडून पडते ना? सुभेदारांनी त्यांच्याच खांद्याला बंदूक लावायला सांगितली आणि बार काढायला लावला. धक्का बसला, पण ते जागचे हलले नाहीत. जेवढा धक्का समोरच्याला, तेवढाच चालवणाऱ्याला, हे आम्ही शाळेत न्यूटनच्या नावानं पाठ केलेलं. लागलेला माणूस तिथंच पडेल याची काही खात्री नसते, तो आणखी काही पावलं पुढं येऊ शकतो. आणि त्या काही पावलांत काय होईल हे कोणालाच सांगता येत नाही.

माझी पाळी आली तेव्हा दस्ता, म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकवायचा भाग, मला लांब पडला. खांद्यात नीट बसेना, थोडा दंडाकडं सरकला, आणि पहिल्याच बाराला दंड काळानिळा झाला. पुढं आठ दिवस निंदायला जाताना दुखत होता. ही माझी पहिली तक्रार: बाईच्या अंगाला बसेल असा आखूड दस्ता तिथं एकही नव्हता. सुभेदारांनी उभं राहण्याची ढब बदलून दिली, डावा पाय पुढं, अंग किंचित पुढं झुकवलेलं, दस्ता गालाला घट्ट, आणि मग पुढचे बार सोपे गेले. दहापैकी सहा कागदावर लागले. पण वर्गाची फी घेता तर ही सोय असावी.

हवेत बार काढण्याची गोष्ट त्यांनी थोडक्यात संपवली. वर गेलेली गोळी कुठंतरी खाली येतेच, आणि ती कोणाच्या अंगणात येते ते चालवणाऱ्याच्या हातात नसतं. शिवाय हवेतल्या बारानं तुम्ही एक काडतूस घालवलं आणि तुम्ही कुठं उभे आहात तेही सांगून टाकलं. लग्नात, वरातीत, मिरवणुकीत बेफिकिरीनं बार काढला तर 2019 च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे ऐकून ठेकेदार गप्प झाले.

जेवणानंतर कायदा. शिकवायला एक वकील आले होते. इथं दुसरी तक्रार. पाऊण तासात सगळं, अर्धं इंग्रजीत, आणि हातात मराठीत एक पानसुद्धा नाही. चौघं रखवालदार तर झोपलेच. खरं तर आख्ख्या दिवसात हाच भाग सगळ्यात कामाचा होता. मी वही काढून बसले, जे कळलं नाही ते नंतर थांबवून विचारलं, आणि घरी येऊन पुतण्याकडून कायद्याचं मराठी पुस्तक मागवून ताडून पाहिलं. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी इथं सांगते.

1 जुलै 2024 पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. आधीच्या 96 ते 106 चाच तो मजकूर, थोड्या फरकानं. हक्क खरा आहे. आपल्या जिवाचा, दुसऱ्याच्या जिवाचा, आणि मालमत्तेचाही. पण कलम 37 त्याला दोन दोऱ्या बांधतं. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला जेवढी लागते त्याहून जास्त इजा करता येत नाही. समोरच्याचा जीव जाईपर्यंत जाता येतं ते कलम 38 मध्ये सांगितलेल्या प्रसंगांतच: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्काराचा हल्ला, अपहरण, ॲसिड हल्ला, असे. मालमत्तेसाठी कलम 41: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घर फोडणं, राहत्या घराला आग लावणं, किंवा अशी चोरी की जिच्यात जीव जाईल वा जबर इजा होईल अशी खरी भीती वाटावी.

मी विचारलं, "विहिरीवरची केबल कापणारा?" वकील म्हणाले, ती चोरी. त्याला अडवता येतं, धरता येतं, आरडाओरडा करून गाव जमवता येतं. त्यानं तुमच्यावर कोयता उगारला तर गोष्ट बदलते. नुसती केबल घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तो बचाव होत नाही. केबलची किंमत मला माहीत आहे, दोनदा भरली आहे. तरीही हे ऐकून बरं वाटलं. कारण त्या दुसऱ्या रात्री बंदूक घरात असती तर आमच्यापैकी कोणीतरी ती चालवली असती, असं मला वाटतं.

2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात ही सगळी तत्त्वं एका जागी मांडली. त्यातलं मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: भीती सुरू होते तिथं हक्क सुरू होतो आणि भीती संपली की हक्कही संपतो. आणि दुसरी बाजूही त्याच निकालात आहे, की जीव धोक्यात असलेल्या माणसानं प्रत्येक पाऊल गणितासारखं मोजून टाकावं अशी अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणजे कायदा आपल्या विरोधात बसलेला नाही. पण स्वसंरक्षण होतं हे दाखवण्याचा भार आपल्यावर येतो, भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 108. "गुन्हाच नाही" असं जे पारावर म्हणतात ते कोर्टात आपोआप ठरत नाही. आधी गुन्हा नोंदला जातो, बंदूक जप्त होते, परवाना अडकतो, तारखा सुरू होतात.

"आत ओढून घ्यायचा" ही ओळ सुभेदारांनी स्वतः पुसली, वकिलांना थांबवून. आख्ख्या दिवसात त्यांचा आवाज तेवढ्याच वेळी चढला. "तुम्ही माणूस ओढला तर रक्त ओढलं जाते. छर्रे कोणत्या बाजूनं घुसले ते अंग सांगते. खरा बचाव केलेला माणूसही इथं खोटा पडते." पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा, कलम 238. जिवाचा बचाव करून निर्दोष सुटू शकणारा माणूस त्या दहा फुटांच्या ओढण्यानं स्वतःला तुरुंगात घालतो.

हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला बोराटीचं जंगल आठवलं. आमच्याच तालुक्यात, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री, टी-1 वाघिणीला गोळी घातली. लोक तिला अवनी म्हणतात. त्याआधी दोन वर्षांत 13 माणसांचे जीव गेल्याचं तिच्या नावावर होतं. ते दिवस आम्ही भोगले आहेत. दुपारी चारनंतर बाया कापूस वेचायला थांबत नव्हत्या, जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, माणूस मिळत नव्हता, शाळेत पोरं जथ्यानं जात. त्याच काळात प्रत्येक जण म्हणायचा, घरात बंदूक पाहिजे. हे संध्याकाळी बंदूक पुसून ठेवायचे. वाघीण मेल्यावर सांगितलं गेलं की ती अंगावर आली म्हणून स्वसंरक्षणात गोळी झाडली. मग शवविच्छेदन झालं, आणि जनावराचं तोंड त्या वेळी कोणत्या बाजूला होतं यावर देशभर वाद झाला, चौकश्या झाल्या. मी तेव्हा रागानंच म्हटलं होतं, मेली ना, आता काय मोजता. वर्गात बसून कळलं की मोजतातच. वाघिणीचं मोजलं, तर माणसाचं मोजणारच.

चंद्रपूरकडच्या दोघांना हेच हवं होतं, वाघाचं. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 11 प्रमाणे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या बचावासाठी सद्हेतूनं वन्यप्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही, मात्र त्या वेळी आपण स्वतः काही बेकायदा करत नसलो पाहिजे, आणि मेलेलं जनावर सरकारचं. जीव आणि पीक या दोन गोष्टी कायद्यात वेगळ्या आहेत. रोही (नीलगाय) आणि डुक्कर पराटीत, म्हणजे कापसात, शिरले म्हणून स्वसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक चालवणं हा बचाव नाही, त्यासाठी वनविभागाची परवानगी लागते. हे मला आधी अन्यायाचं वाटायचं. एका रात्रीत एकराचं सोयाबीन लोळवलेलं पाहिलं की आजही वाटतं. पण रात्री वावरात हलणारी प्रत्येक गोष्ट डुक्कर नसते. शेजारच्या धुऱ्यावर माणूस जागलीला झोपलेला असतो. आम्ही कुंपणाच्या तारेला विजेचा हलका झटका देणारी झटका मशीन लावली आहे, ती निदान नेम धरत नाही.

आता ती गोष्ट, जी मी वर्गात सांगितली आणि याआधी कोणालाच सांगितली नव्हती. सुभेदारांनी विचारलं होतं, घरातल्या बंदुकीची सगळ्यात वाईट रात्र कोणाची? कोणी बोलेना. मग मी उठले.

2018 चाच डिसेंबर असेल, वाघीण मेल्यानंतरचा. कापूस घरात होता. रात्री दीड-दोनला गोठ्याकडं खडखड झाली. हे उठले, बंदूक काढली. तेव्हा ती भरूनच ठेवायचे, रिकामी बंदूक काय कामाची, म्हणायचे. दार उघडून ओसरीच्या खांबाआड उभे राहिले. मी मागं. गोठ्याच्या दारात कोणीतरी वाकलेलं होतं, डोक्यावरून घोंगडी. ह्यांनी आवाज दिला नाही. आवाज दिला तर पळेल, असं पारावर म्हणतात ना. बंदूक खांद्याला गेली. मला ह्यांचा श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात गाय हंबरली, आणि ती वाकलेली आकृती गाईला म्हणाली, "हो हो, झालं माय, झालं." आमचाच सालदार. गाय अडली होती, मालकाला उठवायचं नाही म्हणून एकटाच आला होता.

ह्यांनी बंदूक खाली केली. आत येऊन दोन्ही काडतुसं काढली. सकाळपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही, आणि नंतरही त्यावर कधी बोललो नाही.

वर्ग शांत झाला होता. सुभेदार म्हणाले, "ताई, फळ्यावरच्या सगळ्या ओळींपेक्षा हे मोठं आहे जी." मग त्यांनी शिकवलं ते असं: ज्याच्यावर उजेड पडलेला नाही आणि ज्याचा चेहरा दिसलेला नाही त्याच्यावर बंदूक रोखायचीच नाही. आधी बॅटरी, आधी आवाज, आधी दार आतून बंद आणि 112 ला फोन. चापावर बोट शेवटी. बंदूक रिकामी, काडतुसं वेगळ्या कुलपात. आणि घरात कोणी पीत असेल, कोणाचं मन खचलेलं असेल, कर्जानं झोप उडालेली असेल, तर बंदूक घरात नकोच, बंदुकीच्या परवानाधारक दुकानात किंवा ठाण्यात जमा करून ठेवायची, तशी सोय आहे. हे बोलताना त्यांनी कोणाकडं पाहिलं नाही. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला त्याचा अर्थ समजवावा लागत नाही. प्रत्येक गावात असं एखादं घर आहे. कीटकनाशकाचा डबासुद्धा आम्ही कुलपात ठेवतो, ते त्याच कारणानं.

बंदूक असली की आपण निर्धास्त, या समजुतीवर मी स्वतःचा अनुभव जोडला. 2019 ला लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही वेळेस ह्यांना बंदूक जमा करायची नोटीस आली होती. म्हणजे त्या वर्षी महिनोन्‌महिने बंदूक ठाण्यात होती आणि आम्ही घरात. तेव्हा सासऱ्यांचा जुना कुत्रा आणि शेजारची माणसं, यांच्यावरच रात्र काढली, आणि ती निघाली.

माझी सगळ्यात मोठी तक्रार मात्र हीच आहे: दिवसभर सांगितलं की हे सगळं रात्री घडतं, आणि एक बारही अंधारात काढायला लावला नाही. निदान बंद खोलीत, रिकाम्या बंदुकीनं, बॅटरी डाव्या हातात धरून उभं राहायला तरी शिकवायला हवं होतं. पाचला वर्ग संपला कारण नागपूरच्या लोकांना घरी जायचं होतं. बायांसाठी वेगळी खोली नव्हती, संडासाला कडी नव्हती. जेवण चांगलं होतं, वरण-भात, वांग्याची भाजी, पोटभर. प्रमाणपत्र त्याच संध्याकाळी मिळालं, नावाचं शुद्धलेखन बरोबर.

पाचपैकी चार देईन. एक अंधारासाठी कापला. बाकी फळ्यावरच्या ओळी पुसल्या त्याचे 4,000 रुपये मला जड वाटले नाहीत. ज्या घरात बंदूक आहे त्या घरातल्या बायांना मी हात जोडून सांगते, परवाना कोणाच्याही नावावर असो, एकदा जाऊन बसा. बंदूक खुंटीवर आपल्या डोक्यावर टांगलेली असते, पोरं आपल्याजवळ झोपलेली असतात. जाताना आधी फोन करून विचारा की आखूड दस्ता आहे का, कायद्याचा भाग मराठीत आहे का. दहा बायांनी विचारलं तर ठेवतील.

माझा अर्ज यवतमाळला आहे. मंजूर झाला तर बंदूक घरी आणीन की दुकानात जमा ठेवीन, हे अजून ठरलं नाही. तोवर फाटकावर सोलरचा दिवा लावला, आतल्या खोलीच्या दाराला आडणा बसवून घेतला, आणि घरात एक रीत घातली: रात्री अंगणात जो येईल त्यानं फाटकातूनच आपलं नाव घ्यायचं. मुलगी असो, दीर असो.

हे सालदाराला सांगायला गेले तेव्हा कारण विचारलं त्यानं. मी गोठ्यातल्या बाजेवर बसले आणि त्याला ती रात्र सांगितली. घोंगडी, गाय, ओसरीचा खांब, सगळं. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "म्हणून मालकानं दुसऱ्याच दिवशी राळेगावहून मले ते मोठी बॅटरी आणून देल्ती, वहिनी. म्या पुसलं, कायले? काही बोललेच नाही."